संगणक पदवीधर आणि आठाचे क्रमगुणित

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला ज्या दहा-पंधरा आज्ञावल्या लिहाव्या लागतात, त्यांत क्रमगुणिताची आज्ञावली हटकून असते. एक गुणिले दोन, गुणिले तीन असे दिलेल्या संख्येपर्यंत गुणत जावयाचे आणि शेवटचा गुणाकार पडद्यावर दाखवावयाचा, एवढेच तिचे काम. प्रॅक्टिकलच्या जर्नलातील ते पान उघडले तर आज्ञावलीखाली नमुना म्हणून बहुधा पाच ही संख्या दिलेली आढळते आणि उत्तर १२० असते. पाचच का? वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या जर्नलात पाच होते म्हणून. त्याच्या जर्नलात ते कोठून आले, हे विचारण्याची पाळी कोणावर येत नाही. उत्तर बरोबर असते, प्राध्यापकांची सही होते आणि पान उलटले जाते.

त्याच आज्ञावलीला पाचाऐवजी आठ दिले असते तर? सात दिल्यास उत्तर ५,०४० येते, तेही बरोबर. आठाचे उत्तर ४०,३२० यावयास हवे. परंतु १९९० च्या सुमारास बाजारात आलेल्या आणि आपल्याकडील पुष्कळ महाविद्यालयांत त्यानंतर वीस-वीस वर्षे वापरात राहिलेल्या टर्बो सी या निळ्या पडद्याच्या साधनावर हे उत्तर उणे २५,२१६ असे येत असे. धन संख्यांचा गुणाकार ऋण! शाळेतील मुलालाही जे खटकावे, ते पदवीच्या वर्गात कोणास खटकत नाही, कारण आठ देऊन पाहण्याचा प्रसंगच येत नाही.

यातील रहस्य फार खोल नाही. स्कूटरच्या जुन्या मीटरला पाच घरे असली तर ९९,९९९ नंतर त्यात पुन्हा शून्ये दिसू लागतात. संगणकाच्या स्मृतीतही संख्येसाठी ठराविक घरे राखलेली असतात. फरक इतकाच, की तेथील प्रत्येक घरात शून्य किंवा एक यांखेरीज तिसरा अंक बसत नाही. सोळा घरांत एकूण ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. त्यांतील निम्म्या ऋण संख्यांसाठी ठेवल्या की धन बाजूची शेवटची संख्या ३२,७६७ ठरते. तिच्यापुढे पाऊल टाकले की मीटर फिरून ऋण टोकाला जातो. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा केले की उणे २५,२१६ उरतात.

जुने साधन गेले, नवी यंत्रे आली, म्हणून हा प्रश्न मिटला असे म्हणावे, तर तसेही नाही. आता संख्येला बहुधा बत्तीस घरे मिळतात आणि मर्यादा २,१४,७४,८३,६४७ पर्यंत गेली आहे. बाराचे क्रमगुणित ४७,९०,०१,६०० हे त्यात सुखाने मावते. तेराचे खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे, पण यंत्र दाखवते १,९३,२०,५३,५०४. जुन्या साधनाची चूक निदान ऋण चिन्ह लावून दारात उभी राहत असे. ही चूक सभ्य वेषात येते. संख्या मोठी आहे, धन आहे, संशय यावा असे तिच्यात वरकरणी काही नाही. ज्याला शाळेतले अंकगणित आठवते त्याला मात्र ती तत्काळ पकडता येते. तेराच्या क्रमगुणितात पाच आणि दहा हे दोन्ही गुणक आहेत, सम संख्या तर कितीतरी आहेत, तेव्हा उत्तराच्या शेवटी दोन शून्ये असलीच पाहिजेत. येथे शेवटी चार आहे. आणखी पुढे जाऊन चौतीस दिले तर यंत्र उत्तर देते शून्य! एकही गुणक शून्य नसता गुणाकार शून्य. चौतीसपर्यंतच्या संख्यांतील दोन हा मूळ अवयव मोजला तर तो बरोबर बत्तीस वेळा निघतो. द्विमान पद्धतीत दर दोनागणिक शेवटी एक शून्य चढते आणि बत्तीसच्या बत्तीस घरे शून्यांनी भरून जातात. पंचविसाच्या क्रमगुणिताचे शेवटचे सहा अंक दशमान पद्धतीत शून्य असतात. सहा घरांच्या मीटरवर तेही शून्यच दिसले असते. एवढे समजण्यास सातवी-आठवीच्या गणितापलीकडे काय लागते?

पायथॉनसारख्या हल्लीच्या भाषांत पूर्णांकांना अशी मर्यादा नसते, तेव्हा हे ज्ञान आता कालबाह्य झाले, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु सी आणि जावा या भाषांतील संख्या, नोंदींचे तक्ते, यंत्रांतील लहान-मोठे नियंत्रक यांतील घरे आजही मोजकीच आहेत. शिवाय प्रश्न क्रमगुणिताचा नाहीच. आपण ज्या यंत्राला आज्ञा देतो ते आपली संख्या कोठे आणि कशी ठेवते, याविषयी चार वर्षांत एकदाही कुतूहल वाटू नये, याला शिक्षण म्हणावे काय, हा प्रश्न आहे.

अशा अज्ञानाची किंमत जगाने दिलेली आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण पहिल्यांदा झेपावले आणि चाळीस सेकंदांच्या आत आकाशातच त्याचे तुकडे झाले. आधीच्या एरियन ४ साठी लिहिलेली आज्ञावली नव्या अग्निबाणात तशीच ठेवली होती. नव्याचा आडवा वेग अधिक होता, त्यावरून निघणारी संख्या चौसष्ट घरांची होती आणि ती सोळा घरांत कोंबण्याचा प्रयत्न झाला. आठाच्या क्रमगुणिताचीच ही जात, केवळ जर्नलात न घडता आकाशात घडलेली.

अपूर्णांकांची गोष्ट याहून नाजूक आहे. एक तृतीयांश दशांशात लिहू गेल्यास ०.३३३ असा न संपणारा आवर्ती अपूर्णांक मिळतो, हे सर्वांना ठाऊक असते. एक दशांश हा मात्र आपल्याला सरळ, सुटसुटीत अपूर्णांक वाटतो. द्विमान पद्धतीत तोही आवर्ती आहे, कारण दहाच्या अवयवांत पाच आहे आणि द्विमान पद्धतीजवळ दोनावाचून दुसरा अवयव नाही. त्यामुळे यंत्रात ०.१ कधी नेमका बसत नाही, कोठेतरी तोडावाच लागतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे काय, असे यंत्रास विचारले तर ते बहुतेक भाषांत "नाही" असे उत्तर देते. म्हणून जाणता माणूस पैशांचे हिशेब अपूर्णांक रुपयांत न ठेवता पूर्णांक पैशांत किंवा नेमक्या दशमान प्रकारात ठेवतो. अजाणता पदवीधर रुपये अपूर्णांकांत ठेवतो आणि ताळेबंदात एक पैसा का हरवला, ते शोधत रात्र काढतो.

हरवलेला पैसा परवडला. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजत होते आणि तो दहावा भाग चोवीस घरांत तोडून बसवलेला होता. एका ठोक्याची चूक नगण्य, पण यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती आणि त्या अवधीत चूक साचून ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. कॅनडातील व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराची कथा रक्तरंजित नाही, पण तितकीच बोलकी आहे. १९८२ साली तेथील निर्देशांक १,००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि दशांशचिन्हानंतरच्या तीन स्थळांपुढील अंक जवळच्या अंकात न बदलता नुसते छाटले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सव्वापाचशेच्या आसपास घसरला. बाजार काही पडला नव्हता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १,०९८ च्या वर निघाला.

हे सारे परदेशातले, आपल्या मुलांनी बँकेत आणि कचेरीत काम करावयाचे, त्यांना याचे काय, असे वाटत असेल तर मराठी अक्षरांकडे वळावे. उलट-सुलट वाचता सारखाच राहणारा शब्द ओळखणे, हीदेखील जर्नलातील एक ठरलेली आज्ञावली. तेथे नमुना असतो इंग्रजी 'मॅडम' या शब्दाचा. त्याच आज्ञावलीला 'नवजीवन' हा शब्द द्यावा. कोणताही मराठी माणूस तो दोन्हीकडून सारखाच वाचील. यंत्र म्हणते, सारखा नाही! कारण यंत्राच्या लेखी 'जी' हे एक अक्षर नसून ज आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत. शब्द उलटवला की वेलांटी ज ला सोडून व ला चिकटते आणि 'नवीजवन' असा अजब शब्द तयार होतो. 'क्ष' तर एक अक्षर दिसत असून तीन चिन्हांचा आहे आणि युनिकोडच्या सर्वाधिक प्रचारातील पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट जागा घेते. ज्याने नावासाठी तीस बाइट राखले, त्याने इंग्रजी नावासाठी तीस अक्षरांची सोय केली. मराठी 'ज्ञानेश्वर' लिहिताच ते तीस बाइट काठोकाठ भरतात आणि आडनावाला जागा उरत नाही. शाळेतून पालकांना जाणारा लघुसंदेश इंग्रजीत १६० अक्षरांपर्यंत एकाच संदेशाच्या दरात जातो, मराठीत मात्र ७० चिन्हांनंतर दुसऱ्याचे पैसे पडू लागतात. याद्यांतील तुटकी नावे, चौकोन बनलेली जोडाक्षरे, मध्येच संपणारे पत्ते यांच्याशी कारकून आणि शिक्षक रोज झगडत असतात. दोष यंत्राला दिला जातो. यंत्राने सांगितले तेवढे केलेले असते. सांगणाऱ्याला आपल्याच लिपीची मांडणी कोणी शिकवली नव्हती.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. चुका जाणत्यांच्याही होतात. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध पाहून अर्धी यादी बाद करीत जाण्याची शोधपद्धती आपण शब्दकोश चाळताना नकळत वापरतो. डोनाल्ड नुथ यांनी नोंदवून ठेवले आहे, की संगणकासाठी ती प्रथम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, पण कोणत्याही लांबीच्या यादीला बिनचूक लागू पडणारे तिचे रूप छापले जाण्यास १९६० साल उजाडले. जॉन बेंटली यांनी आपल्या १९८६ च्या पुस्तकात लिहिले आहे, की त्यांनी व्यवसायातील माणसांना ही आज्ञावली लिहावयास दिली असता पुरेसा वेळ मिळूनही सुमारे ९० टक्के लोकांच्या लिखाणात चूक निघाली. नंतर २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी उघड केले, की जावा भाषेच्या भांडारातील, त्यांनी स्वतः लिहिलेल्या याच आज्ञावलीत सुमारे नऊ वर्षे एक चूक दबा धरून बसली होती आणि ती मूळ बेंटलींच्या रूपातही होती. यादीचा मध्य काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागले होते. यादी १०७ कोटींच्या पलीकडे गेली की ती बेरीज घरांत मावत नाही आणि ऋण होते. पुन्हा आठाचे क्रमगुणितच! तेव्हा चूक होणे हा अपराध नव्हे. ब्लॉक यांना चूक दिसली तेव्हा ती का झाली, हे एका वाक्यात सांगता आले आणि दुसऱ्या वाक्यात दुरुस्त करता आली. आपल्या पदवीधराची अडचण निराळी आहे. उणे २५,२१६ समोर आले तर तो आज्ञावली पुन्हा चालवून पाहतो, मग यंत्र बंद करून चालू करतो, मग पाच हा आकडा देतो.

हा केवळ भारतीय रोग आहे, असे मानण्याचे कारण नाही. येल विद्यापीठातील एलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना एक साधे उदाहरण घातले होते. संख्या वाचत जावे, ९९,९९९ आली की थांबावे आणि ती शेवटची संख्या न धरता बाकीच्यांची सरासरी काढावी. पुढे तेच उदाहरण रोजच्या पावसाच्या नोंदींचे म्हणून प्रसिद्धी पावले. नवशिक्यांपैकी अवघ्या १४ टक्के विद्यार्थ्यांना ते बिनचूक जमले. कोणी थांबण्याची खूण सरासरीत मिळवली, कोणी एकही नोंद नसताना शून्याने भागाकार केला. नंतर २००१ साली मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांची अशीच परीक्षा घेतली तेव्हा ११० पैकी सरासरी गुण पडले २३ हूनही कमी. खुद्द अमेरिकेतील एमआयटीसारख्या संस्थेत २०२० च्या जानेवारीत काही तरुणांनी एक जादा वर्ग चालवला. संगणकशास्त्राच्या पदवीत कोणी न शिकवलेल्या गोष्टींचा तो वर्ग होता. यंत्राला थेट आज्ञा कशा द्याव्यात, लिखाणाच्या जुन्या-नव्या प्रती कशा सांभाळाव्यात, चूक कशी हुडकावी, या त्या गोष्टी.

तरीही आपल्याकडे अंतर अधिक आहे, हे कबूल करावे लागते. अमेरिका, चीन, रशिया आणि भारत या चार देशांतील शेवटच्या वर्षाच्या संगणक विद्यार्थ्यांची एकाच कसोटीवर झालेली तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत अमेरिकी विद्यार्थी इतर तिघांच्या बरेच पुढे आढळले आणि त्या तिघांत आपसात फारसे अंतर नव्हते. आपल्या देशातील अ‍ॅस्पायरिंग माइंड्स या संस्थेने २०१७ साली पाचशेहून अधिक महाविद्यालयांतील छत्तीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचणीवरून जाहीर केले, की आज्ञावलीमागचा तर्क बिनचूक मांडणारे पाच टक्केही नाहीत. चाचण्या घेणे हाच ज्या संस्थेचा व्यवसाय, तिच्या आकड्यांकडे सावधपणे पाहावे हे बरे, आणि उद्योगक्षेत्रातील जाणत्यांनी त्या वेळी ते आकडे नाकारलेही होते. पाच टक्के खरे की पंधरा, हा वाद बाजूला ठेवला तरी मुलाखती घेणाऱ्या कोणत्याही माणसाचा अनुभव त्या आकड्यांपासून फार दूर नाही.

कारणे सांगताना विद्यार्थ्याला झोडपणे सर्वांत सोपे असते, आणि सर्वांत अन्याय्यही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला आणि १९६० मध्ये कामास लागला. तो बांधणाऱ्या मूठभर माणसांना निर्वात नळीपासून आज्ञावलीपर्यंत सारे ठाऊक असणे भागच होते. ती परिस्थिती परत येणार नाही, यावी असेही नाही. मूठभरांची विद्या लाखांची झाली, ही मिळकत आहे. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या शासनाने १९८३ साली विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्यामुळे ज्या घरांत तोवर कोणी पदवीही पाहिली नव्हती, त्या घरांतील मुले पुण्या-मुंबईच्या आणि पुढे परदेशातल्या कचेऱ्यांत जाऊन बसली. परंतु इमारती जितक्या वेगाने उठल्या तितक्या वेगाने शिक्षक तयार होत नसतात. जो काल पदवीधर झाला आणि ज्याला कंपनीत जागा मिळाली नाही, तो आज तासिका तत्त्वावर वर्गात उभा राहतो. महिना काय मिळतो ते विचारू नये. त्याच्या स्वतःच्या जर्नलातही पाचाचेच क्रमगुणित होते.

परीक्षा हे दुसरे कारण, आणि कदाचित पहिलेच. लेखी परीक्षेत आज्ञावली कागदावर लिहावयाची असते आणि ती चालवून पाहणे तपासनिसाला शक्य नसते. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ केल्या की पेपर निघतो. प्रॅक्टिकलचे गुण जर्नल पूर्ण असण्यावर मिळतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाहेरून विकत मिळतो. छापील अहवाल, बांधणी आणि तोंडी परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे, असा सारा संच त्यात येतो. बाहेरून आलेल्या परीक्षकाला एका दिवसात साठ मुले उरकावयाची असतात. आणि ज्या कंपन्या या मुलांना घेतात, त्यांनीही फार काळ तक्रार केली नाही. स्थापत्य असो वा यंत्र, कोणत्याही शाखेचा पदवीधर घ्यावा आणि चार-सहा महिने आपल्या प्रशिक्षण केंद्रात घडवावा, हा त्यांचा शिरस्ता होता. महाविद्यालयाने शिकवले नाही तरी चालते, हा धडा महाविद्यालयांनी तेथूनच घेतला.

भाषेचा भाग वेगळा सांगावयास हवा. दहावीपर्यंत मराठीत गणित शिकलेल्या मुलाला क्रमगुणित, आवर्ती अपूर्णांक, मूळ अवयव हे सारे येत असते. महाविद्यालयात त्याच गोष्टी इंग्रजी नावांनी पुन्हा भेटतात तेव्हा त्या ओळखीच्या आहेत, हेच त्याला उमगत नाही. तो त्या नव्या म्हणून पाठ करतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही सुरू झाला. साऱ्यांनी मराठीतून परीक्षा द्याव्यात असा हट्ट नसावा. द्विमान पद्धतीचा पहिला तास मराठीत घेण्यास मात्र कोणत्याही परिषदेची परवानगी लागत नाही.

आता एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची जी साधने सर्वांच्या हाती आली, ती क्रमगुणिताची आज्ञावली निमिषात लिहून देतात, अगदी प्रकल्पही. मग मुलाने मुळाक्षरे गिरवावीत कशाला? या प्रश्नाचे उत्तर जुन्या बँकेतील खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक होते. तेरीज जुळली नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, तर तो सरळ उलटसुलट लिहिलेले अंक शोधू लागे. ५४ च्या जागी ४५ पडले की फरक नऊच्या पटीतच येणार. टेबलावर गणकयंत्र आल्यावरही त्याची ही दृष्टी गेली नाही, आणि यंत्राच्या बेरजेवर त्याला भरवसा किती ठेवावा हे कळत होते ते तिच्यामुळेच. आज ही साधने आज्ञावली लिहितात, बहुतांशी ठीक लिहितात, आणि जेथे चुकतात तेथेही तितक्याच आत्मविश्वासाने चुकतात. तेराच्या क्रमगुणिताच्या शेवटी चार पाहून जो थबकेल, त्याच्या हातात हे साधन बळ देईल. इतरांना ते अधिक वेगाने चुका करण्याची सोय करून देईल. पूर्वी नवख्या पदवीधराला मिळणारी सोपी कामे आता ही साधनेच करू लागली आहेत, हे कर्ज काढून फी भरणाऱ्या पालकांच्या अद्याप पुरते ध्यानात आलेले नाही.

उपाय म्हणून नवा अभ्यासक्रम, नवी समिती, नवे धोरण यांची मागणी करण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे त्यांची प्रथम गरज नाही. परीक्षकाने जर्नल मिटून ठेवावे आणि विद्यार्थ्याला सांगावे, आता आठ दे, आता तेरा दे, आता शून्य दे, आता अंकाऐवजी अक्षर दे, आणि जे दिसेल त्याचे कारण सांग. दहा मिनिटांत कळावयाचे ते कळते. आज्ञावली कोठे मोडते हे दाखवणाऱ्याला ती चालवून दाखवणाऱ्याइतकेच गुण द्यावेत. दुसऱ्याने लिहिलेली चुकीची आज्ञावली हाती देऊन ती दुरुस्त करवून घ्यावी, कारण नोकरीत बहुतेक वेळ त्याच कामात जावयाचा असतो. यांतील कशासही पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि साठांऐवजी वीस मुले तपासण्याची मुभा. ती विद्यापीठांनी द्यावयाची आहे.

संगणकांच्या एका फार जुन्या घड्याळात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजले जातात आणि त्यांसाठी बत्तीस घरे ठेवलेली असत. भारतीय वेळेनुसार मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे आणि ७ सेकंदांनी ती घरे भरतील. पुढल्या सेकंदाला अशी घड्याळे १९०१ सालचा डिसेंबर दाखवू लागतील. नव्या यंत्रांना चौसष्ट घरे मिळाली आहेत, तेथे चिंता नाही. जुन्या नोंदींच्या तक्त्यांत, कारखान्यांतील जुन्या नियंत्रकांत, कोणी लिहिल्या हे विसरून गेलेल्या आज्ञावल्यांत मात्र बत्तीस घरे अद्याप आहेत आणि ती एकेक करून शोधावी लागणार आहेत. ज्यांच्याकडे हे काम येईल, ती मुले आज पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत आणि पाचाचे क्रमगुणित जर्नलात उतरवून घेत आहेत.